लहान कॅराव्हॅन दारात आणण्याआधी आणि आणल्यावर: वाचकांचे प्रश्न

गाडीमागे ओढायच्या लहान कॅराव्हॅनबद्दल, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या खोलीबद्दल, आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या अंकात घेतली आहेत. पत्रं वेगवेगळी असली, तरी बहुतेकांचं मूळ दुखणं एकच दिसतं. कॅराव्हॅन फिरून झिजते त्यापेक्षा उभी राहून जास्त कुजते, आणि घेताना हे कोणी धरतच नाही.

प्रश्न: आम्ही दोघं निवृत्त, पेडण्याला राहतो. दोन माणसांपुरती कॅराव्हॅन घ्यावी असं मनात आहे. मुलगा म्हणतो, तेवढ्या पैशांत कितीतरी वर्षं हॉटेलात राहाल. नातेवाईक ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून मोकळे झाले. आमचं चुकतंय का?

उत्तर: पैशांपुरता मुलाचा हिशेब बरोबर आहे आणि तो आधी मान्य करा. कॅराव्हॅनने पैसे वाचत नाहीत. ती हलली नाही तरी विमा भरावा लागतो, नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांत टायर बदलावे लागतात, छपराचे सांधे दर वर्षी तपासावे लागतात. वर्षाकाठी चार-पाच रात्रीच बाहेर पडणार असाल तर भाड्याची घ्या.

पण हॉटेलच्या खोलीने ज्यांचं भागत नाही अशी माणसं घराघरात आहेत. रात्री तीनदा उठावं लागतं, गुडघे दुखतात, मधुमेहामुळे जेवणाची वेळ चुकवता येत नाही. असा माणूस पंढरपूरला जायचं नावही काढत नाही, कारण वाटेत संडास कुठे आणि कसा मिळेल याचीच धास्ती असते. स्वतःचं अंथरूण, स्वतःचा स्वयंपाक आणि चार पावलांवर स्वतःचा संडास असला की हाच माणूस पुन्हा घराबाहेर पडतो. याला चोचले म्हणणाऱ्यांनी त्या माणसाबरोबर एक प्रवास करून बघावा.

घेण्याआधी तीन रात्री भाड्याच्या कॅराव्हॅनमध्ये काढा, त्यातली एक तरी पावसाची असू द्या. दाराचा उंबरा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. दीड फुटाच्या वर असेल तर मध्ये पक्की पायरी आणि धरायला दांडा हवाच. भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री दुसऱ्याला ओलांडून उतरावं लागतं का, तेही बघा. संडासाची सरकती टाकी साधारण २० लिटरची असते आणि दोघांना दोन-तीन दिवस पुरते. भरल्यावर तिचं वजन २० किलोच्या वर जातं. ती कोण उचलणार हे घरात आधीच ठरवा. टाकी घरच्या संडासातच रिकामी करायची, शेतात किंवा ओहोळात कधीही नाही. तिच्यात फॉर्मॅल्डिहाइडवालं औषध घालू नका, सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणू त्याने मरतात.

प्रश्न: वाळपईला घर आहे. पावसाळाभर कॅराव्हॅन निळ्या ताडपत्रीत गच्च बांधून ठेवली होती. चवथीनंतर उघडली तर कुबट वास, गादीला बुरशी, आणि मागच्या खिडकीखालचं प्लाय बोटाने दाबलं की आत जातं. एवढी झाकूनही हे कसं झालं?

उत्तर: गच्च झाकली म्हणूनच झालं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. ती ताडपत्रीखाली कोंडते, रात्री पत्रा गार झाला की दवासारखी त्यावर बसते आणि वाळायला वाट मिळत नाही. शिवाय वाऱ्याने ताडपत्री घासत राहते आणि खिडकीच्या रबराला चरे पडतात. पूर्वी पडवीला चुडतांच्या, म्हणजे माडाच्या झावळ्यांच्या, झडी बांधत. तिरपा पाऊस अडायचा, पण वारा खेळता राहायचा. इथेही तेच तत्त्व: वर पत्र्याचं छप्पर, पावसाची झड येते त्या बाजूला आडोसा, बाकी बाजू मोकळ्या. छप्पर आणि कॅराव्हॅनचा माथा यांत निदान दोन फूट अंतर ठेवा. जागा माडाखाली नको, फणसाखालीही नको. एक नारळ छताची खिडकी फोडायला पुरतो.

आता दुरुस्ती. ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र मिळतं, ते आतून दर फुटावर टोचा. १५ टक्क्यांखाली चिंता नाही, १५ ते २० वर लक्ष ठेवा, २० च्या वर म्हणजे पाणी कुठून तरी येतंय. ते कुठून येतं हे शोधताना घाई होते आणि चूक इथेच होते. सगळ्या खिडकीवर एकदम पाइप धरू नका. खालच्या सांध्यापासून सुरुवात करा, पाच मिनिटं बारीक धार, मग कडेचे सांधे, शेवटी वरचा. वरून सुरू केलंत तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून ओघळतं आणि दोषी सांधा कळत नाही. छतावरचे दिवे आणि झरोकेही तपासा. पाणी छतात शिरून भिंतीच्या आतून खाली उतरतं, त्यामुळे ओल दिसते खिडकीखाली आणि भोक असतं तीन फूट वर.

मऊ झालेलं प्लाय पक्कं लाकूड लागेपर्यंत कापून काढा. भोवतालचं वाळायला काही आठवडे द्या, यंत्र १५ च्या खाली दाखवेपर्यंत. मगच आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय बसवा आणि त्याच्या कापलेल्या कडांना इपॉक्सी लावा. सुतार ओल्या प्लायवरच सनमायका चिकटवून देतो म्हणाला तर ऐकू नका, आतलं कुजणं त्याने फक्त झाकलं जातं. खिडकी परत बसवताना चौकटीखाली ब्यूटाइलची पट्टी आणि बाहेरच्या कडेला पॉलियुरेथेन सीलंट वापरा. बाथरूमचं सिलिकॉन नको, कारण ते सुटलं की त्यावर दुसरं काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. आधीचं असेल तर शेवटच्या कणापर्यंत खरवडून काढा. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घ्या, साधे स्क्रू खाऱ्या हवेत गंजून त्यांच्या भोकातूनच पाणी आत घेतात. हे काम एप्रिल-मे महिन्यांत, सकाळी, पत्रा तापण्याआधी करा.

पुढच्या पावसाळ्यात गादी घरात आणा. फ्रिजचं दार फळी घालून उघडं ठेवा. पाण्याच्या टाक्या आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करा, गॅसचा सिलिंडर काढा. हँडब्रेक सोडून चाकांना चिरे लावा, ओढून ठेवलात तर ब्रेकशू ड्रमला चिकटून बसतो. महिन्यातून एकदा चाकं पाव फेरा फिरवा. शिशाची बॅटरी असेल तर पूर्ण भरून ठेवा आणि दर महिन्याला भरत राहा. लिथियमची मात्र निम्मी भरलेली बरी. उंदीर शिरू नयेत म्हणून खालची सगळी भोकं बारीक स्टीलच्या जाळीने बंद करा, पण गॅस जायचं भोक बुजवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि तो तिथूनच बाहेर पडतो. उंदरांनी वायरी कुरतडल्या की त्या शोधण्यात फार दिवस जातात.

प्रश्न: फोंड्याहून बेळगावला जाताना रिकाम्या रस्त्यावर कॅराव्हॅन शेपटीसारखी हलायला लागली. परतताना चोर्ला घाट उतरलो तेव्हा ब्रेकमधून धूर आला. दोष गाडीचा की कॅराव्हॅनचा?

उत्तर: आधी वजन बघा. रिकामी ५५० किलोची कॅराव्हॅन पाणी, सिलिंडर, बॅटरी, भांडी, कपडे भरले की सहज ७०० होते. ४० लिटर पाणी म्हणजेच ४० किलो. नव्याने ओढणाऱ्याने हे भरलेलं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं. गाडीच्या पुस्तिकेत ओढायचं वजन याहून कमी दिलं असेल तर ते धरा. दिलंच नसेल तर त्या गाडीमागे कॅराव्हॅन लावूच नका.

शेपटी हलते ती बहुतेक वेळा वजन मागे गेल्यामुळे. हुकावर येणारा भार एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के हवा, म्हणजे ७०० किलोला ३५ ते ४९. मोजायला घरचा वजनकाटा चालतो. त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा आणि कॅराव्हॅनची जोडणी गाडीच्या हुकाच्याच उंचीवर त्यावर टेकवा. भार कमी भरला तर जड सामान चाकांच्या वर किंवा जरा पुढे सरकवा. हलायला लागलीच तर स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर हळूच सोडा. वेग वाढवू नका, ब्रेकही दाबू नका.

धूर येतो तो पाय ब्रेकवर सतत राहिल्यामुळे. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, आणि ब्रेक नेमका दाबून सोडत चला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि तापल्यावर त्याची वाफ होते, पेडल मऊ लागतं ते त्यामुळे. दर दोन वर्षांनी बदला. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. थांबल्यावर चाकांना दगड लावा, आणि निघताना ते दगड रस्त्यावरून उचलाच. ते मागे राहिले की रात्री दुचाकीवाल्याच्या जिवावर बेततं.

प्रश्न: मांद्रे-मोरजीच्या किनाऱ्यावर रात्री कॅराव्हॅन लावून तिथेच स्वयंपाक केला तर चालेल का?

उत्तर: नाही. किनाऱ्यावर वाहन उतरवणं आणि पर्यटनस्थळी उघड्यावर चूल किंवा शेगडी मांडणं, दोन्हींवर गोव्यात बंदी आहे. मोरजीच्या वाळूत तर समुद्री कासवं अंडी घालतात. कोणाच्या अंगणात किंवा बागेत मालकाच्या परवानगीने लावा, सांडपाणी बादलीत धरा आणि निघताना जागा जशी होती तशी करून द्या. गावात कॅराव्हॅनवाल्यांबद्दल जो राग दिसतो तो बहुतेक सांडपाणी आणि कचऱ्यावरूनच आहे, आणि तो रास्त आहे.

प्रश्न: आम्ही म्हापशातले दोघे भाऊ मिळून एक कॅराव्हॅन घेणार आहोत. पुढे भांडणं होतील असं आई म्हणते.

उत्तर: आईंचं म्हणणं मनावर घ्या आणि सगळं आधीच लिहून ठेवा. नोंदणी ज्याच्या नावावर असेल, त्याने नोंदणीतच नॉमिनी दाखवावा, २०२१ पासून ती सोय आहे. कॅराव्हॅन ओढणार असल्याचं दोन्ही गाड्यांच्या विमा कंपन्यांना लेखी कळवा. आत-बाहेर काही फेरफार करायचे असतील तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आठवण ठेवा, नोंदणीतले तपशील बदलणारे फेरफार परवानगीशिवाय चालत नाहीत.

भांडण बहुतेक मे महिन्याच्या सुट्टीवरून होतं आणि त्याहून जास्त पावसाळ्यावरून. फिरायला दोघं तयार असतात, जूनमध्ये गादी उचलायला मात्र कोणी नसतो. म्हणून रात्रींची वाटणी करण्याआधी पावसाळ्याचे चार महिने वाटून घ्या. दर पंधरवड्याला एक उघडीप गाठून दारं-खिडक्या दोन तास उघडायच्या, सांधे चाचपायचे, ओलीचा आकडा वहीत तारखेसह लिहायचा. चावी देताना वहीही द्या: टायरची हवा, उरलेला गॅस, टाकी रिकामी केली की नाही, काय मोडलं. मोडलेलं लिहिणाऱ्याला रागावायचं नाही हेही त्याच कागदावर लिहा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी लिहिणार नाही आणि गळणारा सांधा दसऱ्याला कळेल.