कन्हानचे चढणीचे मासे गेले कुठे?

प्रश्न : पहिल्या पुराला बाबांबरोबर कामठीला कन्हानवर जायचो. मासे धारेवर चढायचे. बुळबुळीत वाम मासा निसटू नये म्हणून बाबा हाताला राख चोळायचे. आता नातवाला दाखवायला काही नाही. बाजारात मात्र रोहू-कतला ढिगानं! असं का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : काका, पत्र वाचून जीव हळहळला. रोहू-कतला अंडी घालायला पुराच्या वाहत्या पाण्यावर वर चढतात. साचलेल्या पाण्यात सहसा घालत नाहीत. खाली वैनगंगेवर गोसेखुर्द, वर पेंचवर नवेगाव खैरी आणि तोतलाडोह ही धरणं. वाट अडली, पूरही धरणात अडला. त्यात नाग नदीतलं आपल्या शहराचं सांडपाणी शेवटी कन्हानमध्येच. हे मला फार लागतं.

बाजारातले रोहू-कतला बहुतेक तळ्या-धरणांत सोडलेल्या मत्स्यबीजाचे, म्हणजे माशांच्या पिलांचे. १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प (रोहू-कतलाच्या कुळातल्या) माशांची पैदास साधली, त्यानंतर हळूहळू बीजासाठी नदीवर अवलंबून राहणं कमी होत गेलं. नदीची आठवण मग कोण ठेवणार?

नातवाला जरूर न्या. फक्त जून-जुलैत गाभोळीची मादी सापडली तर तिला पाण्यात सोडायला त्यालाच सांगा.