अपग्रेड चालू असताना लाईट गेली, आता लॅपटॉप चालूच होईना

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही मिरजेचे, घरी तंबोरे बनवायचं काम चालतं. लॅपटॉपला उबुंटू (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम) 22.04 होतं, परवा 24.04 चं अपग्रेड लावलं, सगळं डाऊनलोड झालं, इन्स्टॉल निम्मं झालं आणि लाईट गेली. बॅटरी कधीच गेलीय, चार्जर लावूनच चालवतो, त्यामुळं जागेवर बंद पडला. आता चालू केला की काळ्या स्क्रीनवर ‘कर्नल पॅनिक, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस’ असं येतं आणि तिथंच थांबतं. दुकानात दाखवला तर फॉरमॅटच मारावा लागेल म्हणाले. बाबांनी जवारी (घोडी घासून तारांचा आवाज खुलवायचं काम) लावून झाल्यावर प्रत्येक तंबोरा वाजवून केलेली सात-आठ वर्षांची रेकॉर्डिंग त्यात आहेत, बॅकअप नाही. काही होईल का?
(एक वाचक भगिनी, मिरज)

उत्तर: ताई, फॉरमॅटला अजिबात हो म्हणू नका. तुमची रेकॉर्डिंग होम फोल्डरमध्ये असतात आणि अपग्रेड त्याला हात लावत नाही, त्यामुळं लाईट जाताना डिस्कच बिघडली नसेल तर ती जशीच्या तशी असणार. बिघडलंय ते सिस्टिमचं. नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) बसला पण त्याच्यासोबत लागणारी इनिटरॅमएफएस नावाची फाईल तयार व्हायच्या आत लाईट गेली, म्हणून त्याला डिस्कच सापडेना, तुम्ही लिहिलेला मेसेज बहुतेक वेळा त्याचाच असतो.

पहिलं काम रेकॉर्डिंग बाहेर काढायचं, दुरुस्ती नंतर. दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर उबुंटूचा बूट होणारा पेनड्राईव्ह करून घ्या, तो लावून लॅपटॉप चालू करा आणि इन्स्टॉल न करता ‘ट्राय उबुंटू’ निवडा. फाईल्समध्ये तुमची डिस्क दिसेल, एन्क्रिप्ट (पासवर्डनं कुलूपबंद) केली असेल तर पासवर्ड मागेल. सगळं एक्स्टर्नल हार्डडिस्कवर कॉपी करा आणि चार-पाच रेकॉर्डिंग तिथूनच वाजवून बघा, नुसती नावं दिसली म्हणून समाधान मानू नका. हे झाल्याशिवाय पुढं जाऊ नका, कळकळीनं सांगतो.

आता दुरुस्ती. चार्जर इन्व्हर्टरच्या लाईनवर लावा, नसेल तर ज्यांच्याकडं आहे त्यांच्या घरी घेऊन जा. लॅपटॉप चालू होताना एस्केप दाबा (जुन्या मशीनला शिफ्ट), ग्रबचा (सिस्टिम चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू येईल, त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल अजून असतो, त्याचा रिकव्हरी मोड घ्या आणि पुढच्या मेनूत ‘रूट’. तिथं डिस्क नुसती वाचायला उघडलेली असते म्हणून आधी ‘माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /’, मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरात टाकायच्या, स्पेससकट). कुठलं पॅकेज (सिस्टिमचा सुटा भाग) नुसतं उघडलंय आणि कुठलं पूर्ण बसलंय याची नोंद डीपीकेजी, म्हणजे पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम, स्वतः ठेवतं, त्यामुळं लाईट गेली तिथून ते पुढं चालू करतं, आणि नेमकी हीच गोष्ट दुकानात सांगत नाहीत. मध्येच जुनी सेटिंग फाईल ठेवू का विचारलं तर एन दाबा. मग ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, त्याला इंटरनेट लागतं, केबल असली तर बरं. शेवटी ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ आणि ‘अपडेट-ग्रब’, मग रिबूट. चालू झाला की टर्मिनलमध्ये (कमांड टाकायची खिडकी) ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि ‘सुडो एपीटी फुल-अपग्रेड’ करून राहिलेली पॅकेज घ्या.

‘नो स्पेस लेफ्ट’ असं आलं तर ‘डीएफ -एच’ करून कुठं किती जागा उरलीय ते बघा, बूटचं वेगळं पार्टिशन (डिस्कचा भाग) असेल तर ते जुन्या कर्नलांनी भरलेलं असतं. मनानं काही डिलीट करू नका, ज्या कर्नलवर चालू केलंय तोच उडाला तर परत पेनड्राईव्हवर याल.

एक सांगतो, 22.04 ला नेहमीचा सपोर्ट एप्रिल 2027 पर्यंत होता, त्यामुळं घाई नव्हती, आधी बॅटरी बदलायला हवी होती. ज्यांच्याकडं अजून 20.04 आहे त्यांचा मात्र मे 2025 मध्येच संपला, आणि त्यांना थेट 24.04 वर जाता येत नाही, मध्ये 22.04 करावंच लागतं.

एवढं करूनही अडलं तर व्हार, लॉग, डिस्ट-अपग्रेड या फोल्डरमधल्या टर्म डॉट लॉग फाईलच्या शेवटच्या वीस-पंचवीस ओळींचा फोटो पाठवा, नेमकं कुठलं पॅकेज अडलंय ते त्यात दिसतं.