व्हीपीएसवर गेल्यावर डेटाबेस कनेक्ट होत नाही: तुझ्याकडे एक नाही, दोन बिघाड आहेत

आधी तुझं म्हणणं मला नीट कळलंय का ते बघ. मामांचं अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचं दुकान, त्याची वर्डप्रेसची साईट इतकी वर्षं शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या सामाईक सर्व्हरवर होती, ती तू गेल्या शनिवारी १ जीबी रॅमच्या व्हीपीएसवर, म्हणजे सगळं आपणच सांभाळायच्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवलीस. उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार), अपाचे (पानं दाखवणारा वेब सर्व्हर), मायएसक्यूएल ८ (डेटाबेस). आधी कनेक्टच होईना, मग कुणीतरी सांगितलं म्हणून बाइंड ॲड्रेस (मायएसक्यूएल कुठल्या पत्त्यावर ऐकतो ते) ०.०.०.०, म्हणजे सगळे पत्ते, केलास, रूटला, म्हणजे सगळे हक्क असलेल्या युजरला, कुठूनही यायची परवानगी दिलीस, वर्डप्रेसच्या कॉन्फिगमध्ये युजर रूट आणि होस्टच्या जागी सर्व्हरचा पब्लिक आयपी टाकलास आणि साईट उघडली. पण आता रोज रात्री कधीतरी "एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन" येतं, सकाळी सर्व्हर रीस्टार्ट केला की दिवसभर ठीक. आणि जूनची शाळांची गर्दी तोंडावर आलीये, म्हणून मामा टेन्शनमध्ये आहेत.

बाकी सगळं नंतर, एक गोष्ट आत्ता लगेच कर. प्रोव्हायडरच्या पॅनेलवर फायरवॉल असतो, त्यात बाहेरून येणारा ३३०६ पोर्ट, म्हणजे मायएसक्यूएलचं दार, बंद कर. साईट पाच मिनिटं पडली तरी चालेल पण हे लांबणीवर टाकू नकोस. रूट युजर, कुठूनही परवानगी आणि उघडा ३३०६, याचा अर्थ तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर एका पासवर्डच्या आडोशाला रस्त्यावर ठेवल्यासारखे आहेत. उघडा ३३०६ शोधत फिरणारे बॉट दिवसरात्र चालू असतात, पासवर्ड सापडला की टेबलं पुसून पैसे मागणारी चिठ्ठी ठेवून जातात. ज्याने सल्ला दिला त्याचा हेतू वाईट नसेल, पण हा सल्ला फार पसरलाय आणि मला दर वेळी वाचून वाईट वाटतं, कारण त्याने साईट "चालू" होते आणि मग कुणी मागे वळून बघतच नाही. सर्व्हरवरच यूएफडब्ल्यू (उबुंटूचा स्वतःचा फायरवॉल) लावणार असशील तर आधी ओपनएसएसएचला, म्हणजे ज्यातून तू दुरून सर्व्हरवर लॉगिन करतोस त्याला, परवानगी दे, मगच इनेबल कर, नाहीतर तूच बाहेर राहशील.

आता पहिला बिघाड, म्हणजे सुरुवातीला कनेक्ट का होत नव्हतं. वर्डप्रेसचं ते वाक्य काहीच सांगत नाही, पासवर्ड चुकला, सर्व्हर बंद पडला, होस्ट चुकला, सगळ्याला ते एकच वाक्य. म्हणून वर्डप्रेस बाजूला ठेवायचं आणि एसएसएचने आत जाऊन कॉन्फिगमधलाच युजर, तोच पासवर्ड, तोच होस्ट घेऊन कमांड लाइनवरून मायएसक्यूएलला जोडून बघायचं. तिथे खरा एरर नंबरासकट मिळतो आणि तो शब्दन् शब्द वाचायचा. "ॲक्सेस डिनाइड", १०४५, आला तर ती एका अर्थी चांगली बातमी आहे, कारण मायएसक्यूएल चालू आहे, तू त्याच्यापर्यंत पोचलायस, फक्त तो तुला ओळखत नाहीये. "कनेक्शन रिफ्युज्ड", म्हणजे २००३ आणि कंसात १११, म्हणजे मशीन सापडली पण त्या पोर्टवर कुणी ऐकतच नाहीये, सर्व्हिस बंद आहे किंवा ती दुसऱ्या पत्त्यावर ऐकतीये. बराच वेळ लटकून मग "टाइम्ड आउट" आला तर बहुतेक वेळा मधे फायरवॉल आहे. आणि २००२ नंबरच्या एररमध्ये सॉकेटचा (त्याच मशीनमध्ये बोलायच्या फाइलचा) उल्लेख असला तर तो नेटवर्कचा प्रश्नच नाही. हे चार वेगवेगळे आजार आहेत आणि लोक चारहींना एकच औषध देतात.

तुझ्या बाबतीत काय झालं असणार ते सांगते. तू जुन्या होस्टिंगवरून पीएचपीमायॲडमिनने (ब्राउझरमधून डेटाबेस बघायचं साधन) तुमच्या एका डेटाबेसचा एक्स्पोर्ट घेतलास ना, त्यात टेबलं येतात, युजर येत नाहीत, कारण युजर मायएसक्यूएलच्या स्वतःच्या "मायएसक्यूएल" नावाच्या सिस्टिम डेटाबेसमध्ये राहतात. म्हणजे कॉन्फिगमध्ये जुना युजर लिहिलेला पण नव्या सर्व्हरवर तो जन्मालाच आलेला नाही. मग तू रूट घालून बघितलंस, तेही चाललं नाही, कारण उबुंटूवर रूट हा पासवर्डने आत येतच नाही, ऑथ सॉकेटने येतो, म्हणजे लिनक्सचा रूट असशील तरच आत घेतो. सुडो (लिनक्सच्या रूटच्या हक्काने कमांड चालवणं) लावून मायएसक्यूएल उघडतं आणि पीएचपीमधून, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्यातून, तोच रूट १६९८ नंबरचा एरर देतो ते याच्यामुळे. पासवर्ड बरोबर असून उपयोग नाही. मग कुठूनही येणारा नवा रूट बनवलास, पब्लिक आयपीवरून जोडलंस, आणि ते चाललं, कारण मायएसक्यूएलच्या दृष्टीने तो वेगळाच युजर आहे.

ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की अर्ध्या रात्री वाचतात, म्हणून जरा थांबून लिहिते. मायएसक्यूएलमध्ये युजर म्हणजे नुसतं नाव नाही, नाव आणि तो कुठून येतोय ते मिळून एक युजर. लोकलहोस्टचा, म्हणजे त्याच मशीनवरून येणारा, "पुस्तक" नावाचा युजर आणि दुसऱ्या आयपीवरचा "पुस्तक" ही दोन वेगळी माणसं, पासवर्ड वेगळे, हक्क वेगळे. आणि दुसरं, लिनक्सवर "लोकलहोस्ट" आणि "१२७.०.०.१" एकच नाहीत. लोकलहोस्ट लिहिलंस की पीएचपी नेटवर्कवर जातच नाही, सॉकेट नावाच्या फाइलमधून बोलतं, उबुंटूवर ती व्हार, रन, मायएसक्यूएलडी या फोल्डरात असते. १२७.०.०.१ लिहिलंस की टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने, ३३०६ वर जातं. म्हणून एकाने चालतं आणि दुसऱ्याने नाही असं झालं तर गोंधळू नकोस, त्यातूनच कळतं बिघाड कुठल्या बाजूला आहे. बहुतेक वेळा १२७.०.०.१ वरून आलेल्यालाही तो लोकलहोस्टच समजतो, पण स्किप नेम रिझॉल्व्ह (आयपीवरून नाव न शोधायची सेटिंग) चालू असेल तर नाही समजत.

तर दुरुस्ती अशी कर, याच क्रमाने. सुडोने मायएसक्यूएलमध्ये जा, क्रिएट युजरने लोकलहोस्टचा नवीन युजर बनव, मग वेगळ्या ग्रँटने फक्त तुमच्या एका डेटाबेसवर हक्क दे. जुन्या लेखांमध्ये ग्रँटमध्येच पासवर्ड देऊन युजर बनवलेला दिसेल, मायएसक्यूएल ८ मध्ये ते बंद झालंय, सिंटॅक्स एरर येईल. आता कॉन्फिगमध्ये हा युजर आणि होस्ट लोकलहोस्ट. जुन्या होस्टिंगवर डेटाबेसच्या नावाआधी अकाउंटचं नाव चिकटवलेलं असायचं, तेही बघ, नाहीतर १०४४ किंवा १०४९ येईल, म्हणजे त्या नावाच्या डेटाबेसवर हक्क नाही किंवा तो डेटाबेसच नाही. पासवर्डमध्ये डॉलरचं चिन्ह असेल तर पीएचपीमध्ये तो एकेरी अवतरणातच लिही, दुहेरीत लिहिलास की डॉलरपुढचं अक्षर तो व्हेरिएबल समजतो आणि पासवर्ड गुपचूप बदलतो, यात मी एकदा अख्खी दुपार घालवलीये. साईट उघडली की मग तो कुठूनही येणारा रूट ड्रॉप कर, बाइंड ॲड्रेस परत १२७.०.०.१ कर, मायएसक्यूएल रीस्टार्ट कर आणि एसएस (कोण कुठल्या पोर्टवर ऐकतंय ते दाखवणारी) कमांडला टीएलएनपी लावून बघ, ३३०६ च्या डावीकडे १२७.०.०.१ दिसलं पाहिजे. घरून डेटाबेस बघायचा असेल तर एसएसएच टनेलने (एसएसएचच्या आतूनच जाणारी वाट) बघ, पोर्ट उघडायची गरजच नाही.

आता रात्रीचं. हा वेगळा बिघाड आहे आणि वरचं सगळं केलंस तरी तो जाणार नाही, हे आधीच सांगते म्हणजे निराश होऊ नकोस. "रीस्टार्ट केलं की दिवसभर ठीक" हे वाक्य वाचल्या वाचल्या माझ्या मनात रॅम आली. खात्री करून घे. सकाळी रीस्टार्ट करायच्या आधी सिस्टिमसीटीएल कमांडने मायएसक्यूएलचं स्टेटस बघ, त्यात "ॲक्टिव्ह" च्या पुढे किती वेळापासून ते असतं. तू रात्री झोपलायस आणि तिथे पहाटे तीनपासून असं दिसलं, तर तो मधे मेला आणि सिस्टिमडीने (सर्व्हिसेस चालू ठेवणारी लिनक्सची व्यवस्था) त्याला परत उठवला. मग जर्नलसीटीएलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या लॉगमध्ये, कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) मेसेज काढून "आउट ऑफ मेमरी" शोध, पुढे "किल्ड प्रोसेस" आणि मायएसक्यूएलडी असं दिसेल. मशीनची रॅम संपली की कर्नल सगळ्यात जास्त खाणाऱ्यांपैकी एकाला मारतो आणि छोट्या सर्व्हरवर तो बहुतेक वेळा मायएसक्यूएलच असतो. त्याच्या स्वतःच्या एरर लॉगमध्ये कधीकधी बफर पूलसाठी (डेटा रॅममध्ये ठेवायची जागा) मेमरी मिळाली नाही असंही असतं, म्हणजे उठायला गेला आणि उठताच आलं नाही.

हिशोब करून बघ. १ जीबी. मायएसक्यूएल ८ जेमतेम साईटवरसुद्धा साडेतीनशे-चारशे एमबी सहज घेतं. सिस्टिमचे दीडशेच्या आसपास. राहिले चारशेच्या आतबाहेर. उबुंटूवर अपाचे आणि मॉड पीएचपी (अपाचेच्या आतच चालणारं पीएचपी) असलं की प्रीफोर्क चालतं, म्हणजे एका वेळी एकच विनंती सांभाळणारे वेगवेगळे वर्कर, त्यात मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्स, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वर्कर ते, मुळात १५०, आणि वर्डप्रेसचा एकेक वर्कर प्लगिनांप्रमाणे ४० ते ८० एमबी. म्हणजे एका वेळी दहा जण आले तरी घर भरलं, आणि आपण दीडशे जणांना दार उघडं ठेवलंय. दिवसा पुण्यातली चार गिऱ्हाइकं येतात, काही होत नाही. रात्री बॉट येतात, वर्डप्रेसचं लॉगिन पान आणि एक्सएमएलआरपीसी (बाहेरच्या ॲप्ससाठीचं वर्डप्रेसचं जुनं दार) धडाधड मारतात, किंवा तुझा बॅकअप प्लगिन त्याच वेळी चालत असेल. अपाचेचा ॲक्सेस लॉग काढून मायएसक्यूएल मेला त्या मिनिटाला काय चालू होतं ते बघ, उत्तर तिथेच सापडेल.

उपाय. मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्स ८ वर आण. ऐकायला कमी वाटतं पण आठजण पटापट निघाले तर दुकान चालतं, दीडशे एकदम आत घुसले तर कुणालाच काही मिळत नाही. २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बनव, परवानगी ६०० (फक्त मालकालाच), आणि एफस्टॅब फाइलमध्ये नोंद कर नाहीतर रीबूटनंतर गायब. बफर पूल मुळातला १२८ एमबी आहे तो राहू दे, कुठे तरी वाचून ५१२ करू नकोस. परफॉर्मन्स स्कीमा (मायएसक्यूएल स्वतःच्या कामाची ठेवतो ती मोजमापं) बंद केलास तर आणखी बरीच मेमरी सुटते. एक्सएमएलआरपीसी वापरत नसाल तर बंद कर. आणि खरं सांगू, जूनसाठी २ जीबीचा प्लॅन घे, मामांना सांग की एक दिवस साईट पडली तर याहून जास्त जाईल.

कुणीतरी दर पाच मिनिटांनी मायएसक्यूएल रीस्टार्ट करणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड) सुचवलाय, तो लावू नकोस. ऑर्डर भरत असलेल्या माणसाचं कनेक्शन मधेच तुटेल, आणि बिघाड झाकला जाईल. मॅक्स कनेक्शन्स १५१ वरून ५०० करायचा सल्लाही इथे उलटाच पडेल. तो १०४० "टू मेनी कनेक्शन्स" साठी असतो, तुझ्याकडे तो एररच नाहीये, उलट मेमरी आणखी कमी पडेल.

डिस्क भरली तरी असंच मरतं, म्हणून डीएफ (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) एकदा चालवून बघच. आणि पुस्तकांची मराठी नावं नीट दिसतायत ना? प्रश्नचिन्हं दिसत असतील तर कॉन्फिगमधला कॅरसेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ आहे का बघ, आणि इम्पोर्ट करतानाही तोच होता का ते बघ. डेटाबेसमध्येच खरी प्रश्नचिन्हं बसली असतील तर ती परत अक्षरं होत नाहीत, जुन्या एक्स्पोर्टवरूनच पुन्हा भरावं लागेल, तेव्हा तो एक्स्पोर्ट पुसू नकोस.

शेवटचं, आणि हे मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी कर्वे रोडच्या बाजूच्या एका मंगल कार्यालयाची बुकिंगची साईट मी अशीच हलवली. नवीन सर्व्हर छान चालला, मी निवांत झाले. पण डोमेनचा टीटीएल (सर्व्हरचा पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा ते) ८६४०० होता, म्हणजे पूर्ण एक दिवस काही लोकांना जुनाच सर्व्हर दिसत होता, आणि जुन्या सर्व्हरवरची साईट त्याच्या जुन्या डेटाबेसला जोडलेली, तीही आनंदाने बुकिंग घेत होती. मे महिन्यातल्या एकाच मुहूर्ताला दोन घरांना तारीख गेली. एका मुलीच्या वडिलांना फोन करून सांगायला मी स्वतः बसले होते, तो फोन मला अजून आठवतो. तेव्हापासून हलवायच्या दोन दिवस आधी टीटीएल ३०० करते आणि एक्स्पोर्ट घेण्याआधी जुनी साईट मेंटेनन्सवर टाकते, त्याशिवाय हात लावत नाही. तू शनिवारी हलवलीस, जुनं होस्टिंग अजून चालू असणार, तर आजच त्याच्या पीएचपीमायॲडमिनमध्ये जाऊन ऑर्डरच्या टेबलात शनिवारनंतरची तारीख आहे का बघ. असली तर त्या ऑर्डरी हाताने नव्यात घे आणि त्या लोकांना मामांकडून फोन जाऊ दे, शाळा सुरू व्हायच्या आत पुस्तकं मिळाली पाहिजेत.

आधी ३३०६ बंद कर, मग स्टेटस आणि आउट ऑफ मेमरीच्या ओळी इथे टाक, पासवर्ड आणि आयपी झाकून. मी रात्री साडेनऊनंतर आहे, बघते.