विर्ट्सचे गोल मोजू नका, त्याची मान बघा

जर्मन फुटबॉलपटू फ्लोरियन विर्ट्सच्या नावावर काही ढीगभर गोल नाहीत, मग जर्मनीत त्याचं एवढं कौतुक का आणि इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबने २०२५ मध्ये १० कोटी पौंड का मोजले, हा प्रश्न रास्त आहे. बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, बरीच वर्षं बघतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी त्याचा लिव्हरपूलच्या आधीचा क्लब, लेव्हरकुसेन, समजून घ्या. बायर कंपनीच्या कामगारांनी १९०४ साली काढलेला क्लब. २००२ मध्ये लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्हीकडे दुसरा नंबर! लोक 'फीत्सेकूझन' म्हणून टिंगल करायचे, म्हणजे कायमचे उपविजेते. अशा संघात जानेवारी २०२० मध्ये हा १६ वर्षांचा पोरगा आला, तोही शेजारच्या कोलोन क्लबमधून. घर कोलोनजवळच्या पुलहाइमचं, दहा भावंडांत शेंडेफळ. लहानपणापासून ज्यांनी घडवला तो पोरगा शेजाऱ्यांनी नेला, हे कोलोनवाले अजून विसरलेले नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये, कोरोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये, त्याने बायर्न म्युनिकचा गोलकीपर नॉयरला चकवून गोल केला. वय १७ वर्षं ३४ दिवस. तेव्हा तो बुंडेसलिगातला सगळ्यात कमी वयात गोल करणारा ठरला.

मार्च २०२२ मध्ये गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, तेही कोलोनविरुद्ध खेळतानाच. वर्ल्ड कप हुकला.

आणि मग १४ एप्रिल २०२४. ब्रेमेनविरुद्ध मध्यंतरानंतर उतरला आणि हॅटट्रिक! तिसऱ्या गोलनंतर लोक थेट मैदानात. सामना ५-०, लेव्हरकुसेनला पहिलंवहिलं लीग विजेतेपद, आणि पुढे अख्खा हंगाम लीगमध्ये एकही पराभव नाही. त्याचं वेड लागलं ते इथून. बाकी माणूस अबोल, मुलाखतीत दोन वाक्यांत संपतो.

खेळाचं म्हणाल तर पास येण्याआधी त्याची मान बघा. दोनतीनदा मागे वळून जागा हेरून ठेवतो, म्हणून पहिल्याच टचला बचावाकडे तोंड करून उभा असतो. लेव्हरकुसेनचे तेव्हाचे प्रशिक्षक अलोन्सो यांच्या रचनेत डावीकडून ग्रिमाल्डो धावायचा, बचावपटू तिकडे ओढले जायचे आणि आतली जागा याला मोकळी. मागून मिडफिल्डर झाका अचूक पास पुरवायचा. लिव्हरपूलला ही घडी आयती मिळाली नाही. प्रीमियर लीगमधल्या, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगमधल्या, पहिल्या गोलसाठी डिसेंबर उजाडला. पैसे पाण्यात गेले असं ओरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. आक्रमणातले निम्मे गडी त्याच्यासारखेच नवे होते, जम बसायला वेळ लागणारच. किंमत मात्र फुगवलेली होती, हे मान्य.

एकच सामना बघायचा तर युरो २०२४ मधला स्पेनविरुद्धचा बघा, हायलाइट्स नव्हे, त्याचा पूर्ण उत्तरार्ध. ८९व्या मिनिटाला जर्मनीच्याच किमिखने हेडरने बॉल खाली पाडला आणि याने तो खांबाला लावून आत घातला. जर्मनी शेवटी हरली, पण त्या गोलनंतरचा स्टुटगार्टमधला आवाज ऐकलात की तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळेल.