ओटा पांढरा, मग फरशी कुठली?

प्रश्न : नाशिकच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचं काम काढलंय. आठ बाय दहाची खोली, खिडकी पूर्वेला. ट्रॉल्यांची शटर्स ऑफ-व्हाइट, ओट्यावर पांढरा क्वार्ट्झ बसलासुद्धा. अडलंय ते फरशीवर. ह्यांना चकचकीत पांढरी हवी, मुलीला लाकडासारखी दिसणारी. सासूबाई ७८ वर्षांच्या, त्या म्हणतात, ‘घसरणार नाही एवढं बघा.’ काय घ्यावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी सासूबाईंचं ऐका. सिंकपाशी पाणी सांडणार, गॅसपाशी तेल उडणार, आणि ग्लॉसी टाइलवर या दोन्हींची गाठ पडली की तरुण माणूससुद्धा आपटतो. मॅट फिनिशच घ्या. कंपनीच्या माहितीपत्रकात आर-९, आर-१० असा घसरणीचा अंक असतो. घराला आर-१० पुरे. त्यापुढच्या टाइल खरखरीत असतात, त्यांच्यात कळकट बसतो आणि पुसणारी बाई वैतागते.

आता रंग. पांढऱ्याखाली पांढरं नको. फोडणीतून उडालेली मोहरी नि गळालेला केस, दोन्ही दारातून दिसतात. म्हणून कुणी गडद काळी सुचवेल, तर तीही नको; तिच्यावर कणीक आणि सुकलेल्या पाण्याचे डाग तितकेच उठून दिसतात. शटरपेक्षा दोन-तीन छटा गडद, बारीक ठिपके किंवा रेघा असलेला मधला रंग घ्या. ऑफ-व्हाइटमध्ये पिवळी झाक असते. तिच्याशेजारी निळसर करडा आला की नवी कोरी शटर्स जुनाट दिसायला लागतात. करडा घ्यायचाच तर बेजकडे झुकणारा, खमंग भाजलेल्या रव्यात थोडी राख मिसळावी तसा.

मुलीची आवड वाईट नाही. फक्त खऱ्या लॅमिनेटच्या फळ्या स्वयंपाकघरात नकोत, सांध्यातून पाणी गेलं की फुगतात. लाकडी डिझाइनची विट्रिफाइड टाइल चालेल. ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. पण पट्ट्यांना सांधे जास्त, आणि हळदीला सांधेच आवडतात. म्हणून माझं मत दोन बाय दोनच्या मॅट टाइलला. परवडलं तर फुल-बॉडी घ्या. कुकरचं झाकण पडून टवका उडाला तरी आतून तोच रंग निघतो. वरून छापलेल्या टाइलचा टवका मात्र कायम डोळ्यांत खुपतो.

कोटा फरशीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मला स्वतःला तो आवडतो. हिरवट-करडा कोटा पांढऱ्या ओट्याखाली फार देखणा दिसतो. मात्र तो चुनखडीचा दगड. चिंचेचा कोळ किंवा लिंबू सांडलं आणि लगेच पुसलं नाही की पॉलिश मरतं. बाथरूमचं ॲसिड तर त्याच्या जवळपाससुद्धा आणू नका. शिवाय जाडी जवळजवळ इंचभर, म्हणजे जुनी फरशी फोडणं आलं. टाइल मात्र जुन्या फरशीवर ॲडहेसिव्हने बसते. तीही अर्धा इंच उंची वाढवते, तेव्हा दार खालून तासावं लागेल का, हे सुताराला आधीच विचारा.

कारागीर ‘जॉइंटलेस बसवतो’ म्हणेल. बसवू देऊ नका. स्पेसर लावून दोन-तीन मिलिमीटर फट ठेवायला सांगा आणि ती टाइलच्याच रंगाच्या इपॉक्सीने भरून घ्या. पांढऱ्या सिमेंटचे सांधे महिन्याभरात पिवळे होतात.

दुकानात टाइल उभी करून दाखवतात, त्यावर जाऊ नका. दोन नमुने घरी आणा आणि शटरला लागून जमिनीवर आडवे ठेवा. सकाळच्या उन्हात बघा, रात्री ट्यूबलाइटखाली बघा. एकावर हळद घातलेलं तेल रात्रभर राहू द्या. दुसरा ओला करून त्यावर स्वतः अनवाणी उभ्या राहा. पसंत पडली की सगळ्या खोक्यांवरचा शेड नंबर एकच आहे ना ते तपासा आणि चार-पाच टाइल जास्तीच्या घेऊन माळ्यावर टाका. दोन वर्षांनी तीच छटा मिळेल याचा भरवसा नाही.

प्रश्न : ट्रॉल्यांच्या खाली फरशी नाही घातली तर पैसे वाचतील का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वाचतील, पण थोडेच. सिंकखालचा पाइप कधी ना कधी गळतो, तेव्हा ते पाणी खालच्या उघड्या कोब्यात मुरतं आणि झुरळांची सोय होते. भिंतीपर्यंत फरशी घाला, उतार मोरीकडे ठेवा.