प्रवासी जहाजावर तोफा बसवल्या की ती युद्धनौका होते का?

भाऊ, प्रश्न वाचून आधी हसू आलं. मी नागपूरचा, आमच्याकडे पाणी म्हणजे फुटाळा नाहीतर अंबाझरी. पण वीस वर्षं झाली हिंगण्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करून राहिलो आणि जहाजांचा नाद लहानपणापासूनचा, म्हणून लिहितो. तुम्ही विचारता की महायुद्धात प्रवासी जहाजं घेऊन त्यावर तोफा बसवायचे, तर मग एवढा पैसा घालून खरी युद्धनौका काहून बांधायची?

तोफ बसवणं हे त्यातल्या त्यात सोपं काम आहे हो. डेकखाली लोखंडी टेके द्या, वरून तोफ चढवा, राखाडी रंग मारा. पण बाकी जहाज तेच राहते ना, अंग पातळ पत्र्याचं, चिलखत नाही, आत मोठमोठ्या मोकळ्या जागा म्हणजे एक भोक पडलं की पाणी पसरतच जाते, आणि लाकूडकाम एवढं की आगीला आयतं सरपण. ब्रिटिश लोक तर अशा जहाजांच्या पोटात रिकामे पिंप भरायचे, का तर टॉर्पेडो लागला तरी लवकर बुडू नये. जुगाडच बाप्पा.

पी अँड ओ कंपनीचं 'रावळपिंडी' घ्या, लंडन-मुंबई टपाल मार्गावरचं 1925 चं जहाज. 1939 मध्ये ब्रिटिश सरकारनं ताब्यात घेऊन त्यावर 8 सहा-इंची तोफा बसवल्या, त्याही जुन्यापान्या. 23 नोव्हेंबरला आइसलँडकडच्या समुद्रात शार्नहॉर्स्ट आणि ग्नाइझेनाऊ या जर्मन युद्धनौका समोर आल्या, एकेकीवर 9 अकरा-इंची तोफा. रावळपिंडीचे कॅप्टन केनेडी साठीतले, निवृत्तीनंतर परत बोलावलेले, शरण नाही गेले, लढले. तासाभरात खेळ खलास, 238 माणसं गेली.

याचीच उलटी बाजू आपल्या हिंदी महासागरात झाली. 'होकोकू मारू' हे जपान्यांचं तसंच बदललेलं जहाज, सोबतीला 'आइकोकू मारू'. 11 नोव्हेंबर 1942 ला त्यांना रॉयल इंडियन नेव्हीची छोटीशी 'बंगाल' आणि डच टँकर 'ओंदिना' भेटले, दोघांकडे मोठी म्हणावी अशी एकेकच तोफ. तरी एक गोळा वर्मी लागला, आग भडकली आणि होकोकू मारू स्फोट होऊन बुडाली. पत्रा कोणाचाही असो, पातळ तो पातळच.

अशा जहाजाला त्याचंच जुनं काम दिलं की मात्र ते सोनं. 1982 मध्ये ब्रिटन-अर्जेंटिनाच्या फॉकलंड युद्धासाठी 'क्यूई टू' (क्वीन एलिझाबेथ 2) या ब्रिटिश प्रवासी जहाजाच्या कार्पेटवर हार्डबोर्ड टाकलं, हेलिकॉप्टर उतरायची सोय केली आणि 3000 च्या आसपास सैनिक नेले. 'युगांडा' तर शाळेच्या पोरांना सहलीला फिरवत होतं, पोरं नेपल्सला उतरवली आणि त्याचं हॉस्पिटल केलं.

आणि बोटी छोट्या असल्या, समोर तगडी युद्धनौका नसली, तर तोफाही चालून जातात. 1971 मध्ये कलकत्ता पोर्टच्या दोन बोटी, 'पद्मा' आणि 'पलाश', त्यावर 40 मिमी बोफोर्स तोफा चढवून बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीला दिल्या, त्यांनी मोंगला बंदराकडे सुरुंग पेरले. 10 डिसेंबरला आपल्या नौदलाच्या 'पनवेल' बोटीसोबत खुलन्याकडे जाताना आपल्याच नॅट विमानांनी चुकून हल्ला केला आणि दोन्ही बोटी गेल्या. पलाशच्या इंजिनवर रुहुल अमीन होते, जहाज सोडा असा हुकूम आला तरी ते इंजिन वाचवायला खालीच थांबले. त्याच दिवशी गेले, बांगलादेशनं मग त्यांना वीरश्रेष्ठ हा आपला सर्वोच्च शौर्य सन्मान दिला.