बीईचं शेवटचं वर्ष, एक केटी आणि नोव्हेंबरातली कॅट

“मॅडम, कॅटला बसलो की कॉलेजचं राहतं आणि कॉलेजचं हातात घेतलं की कॅट राहते. दोन्ही अर्धवट करण्यापेक्षा बीई झाल्यावर एक वर्ष ड्रॉप घेऊ का?”

गणपती उठले की हा प्रश्न घेऊन आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या मुलांची रीघ लागते. (कॅट म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांच्या एमबीएची प्रवेश परीक्षा.) इथे ज्याच्याबद्दल सांगतो आहोत, तो पुण्यातल्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन मुलांचे अनुभव एकत्र करून हा एक मुलगा उभा केला आहे. अडचणी मात्र जशाच्या तशा.) राहायला चिंचवडला, कॉलेज कोथरूडला, म्हणजे रोजचे अडीच तास बसमध्ये. जुलैपासून त्याने ११ मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिल्या होत्या. पहिल्या मॉकचा पर्सेंटाइल (किती टक्के मुलं आपल्या मागे, तो आकडा) आणि अकराव्या मॉकचा पर्सेंटाइल जवळजवळ सारखाच. हजेरी काठावर. आणि टीईची (तिसऱ्या वर्षाची) हीट ट्रान्सफरची केटी, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेला विषय. केटीचं त्याने अगदी शेवटी, उठता उठता सांगितलं.

आम्ही बोलणं तिथूनच सुरू केलं. कॅटला शेवटच्या वर्षातल्या मुलांना बसता येतं. पदवीला ५० टक्के हवेत, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ४५. पण निवड झाली तरी अशा मुलांचा प्रवेश तात्पुरता असतो. पदवीच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्याचा दाखला आयआयएमला साधारणपणे ३० जूनपर्यंत द्यावा लागतो. डिसेंबरात केटी सुटली नाही, तर पुढची संधी उन्हाळ्यातली, आणि तिचा निकाल वेळेत हातात येईलच असं नाही. म्हणजे उत्तम पर्सेंटाइल आणूनही जागा एका जुन्या विषयावर अडकू शकते. म्हणून क्रम ठरला: आधी केटी, मग कॅट, मग सातव्या सेमचे (सत्राचे) विषय. सगळ्यांत जास्त तास कॅटलाच मिळणार होते. पण एखाद्या दिवशी काही गाळावंच लागलं, तर केटीची ४५ मिनिटं गाळायची नाहीत, एवढं पक्कं केलं.

मग त्याला आठवडाभराची नोंद ठेवायला सांगितली. काय केलं आणि त्यातून हातात काय आलं, एवढंच. पुढच्या शनिवारी तो वही घेऊन आला. मंगळवारच्या पानावर लिहिलं होतं, “रात्री ९ ते १२, क्वांट.” (क्वांट म्हणजे कॅटमधला गणिताचा भाग.) खाली बारीक अक्षरात, “व्हिडिओ दीडपट वेगाने, गणितं सोडवली ४.” बुधवारी, “११ ते १:३०, फाईल लिहिली.” गुरुवारी सकाळचं पान कोरं, कारण उठायलाच साडेआठ. आठवड्याला ३० तास अभ्यास होतो असं तो सांगत होता. पेन हातात धरून केलेला अभ्यास भरला साडेबारा तास.

यात आळस कुठेच नाही, हे त्याच्या घरच्यांनाही सांगावं लागलं. ताजं डोकं लागणारं काम रात्री आणि नकल करण्याचं काम त्याहून रात्री, अशी मांडणी असली की कोणाचंही असंच होतं. आम्ही फक्त उलटापालट केली. सकाळी ६ ते ७:३० कॅट, त्यात एक दिवस क्वांट आणि एक दिवस डीआयएलआर (तक्ते-आलेख आणि तर्काचा भाग). फाईल आणि असाइनमेंट घरी न्यायचं नाही, कॉलेजातल्या मोकळ्या तासाला लायब्ररीत बसून तिथेच संपवायचं. जाताना बसमध्ये मोबाइलवर एक लांब इंग्रजी लेख आणि तो वाचून झाल्यावर मनात दोन वाक्यांत त्याचं सार. येताना काही नाही, डोळे मिटून बसायचं. रात्री ८:३० ते ९:१५ हीट ट्रान्सफर, त्यानंतर तासभर चालू सेमचा एक विषय. साडेदहाला दिवा बंद. हा शेवटचा नियम त्याला सगळ्यांत जड गेला, कारण मित्रांचा ग्रुप अकरानंतर जागा व्हायचा.

आता मॉक. आमच्या अनुभवात दोन अभ्यास एकत्र करणाऱ्या मुलांचं खरं नुकसान इथे होतं. वेळ कमी असला की मुलं मॉक देतात आणि तिची चिरफाड सोडून देतात. दोन तासांची परीक्षा दिली की मोठं काम झाल्यासारखं वाटतं. पण मॉक म्हणजे नुसता ताप मोजणं, औषध त्यानंतरच्या तीन तासांत असतं. या मुलाने अकरापैकी दोनच मॉक पुन्हा उघडून पाहिल्या होत्या.

अकराव्या मॉकमधला क्वांटचा भाग आम्ही समोर घेऊन बसलो. ४० मिनिटं, २२ प्रश्न. बरोबर उत्तराला ३ गुण, बहुपर्यायी प्रश्न चुकला तर १ वजा. त्याने १५ सोडवले, ८ बरोबर, ७ चूक, सातही बहुपर्यायी. २४ वजा ७, गुण १७. चुकलेल्या सातांत दोन प्रश्नांची संकल्पनाच येत नव्हती, एक वाचताना चुकला होता. उरलेल्या चारांवर त्याने मिळून १९ मिनिटं घालवली होती आणि शेवटी अंदाजाने खूण केली होती. एवढा वेळ दिलाय तर आता सोडायचा नाही, या हट्टाने. न पाहिलेल्या ७ प्रश्नांपैकी ३ त्याने आमच्यासमोर प्रत्येकी दोन मिनिटांच्या आत सोडवले. म्हणजे ते चार सोडून हे तीन केले असते, तर ११ बरोबर, ३ चूक, गुण ३०. एकही नवा धडा न शिकता १७चे ३०. हे गणित त्याने स्वतः मांडलं आणि बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला.

तेव्हापासून मॉक आठवड्याला एकच, रविवारी. त्याच दिवशी जेवून चिरफाड. वहीत चार रकाने: प्रश्न, लागलेला वेळ, चुकीचं कारण, आणि हा सोडायला हवा होता का. डीआयएलआरसाठी एक वेगळी सवय लावली. पहिली पाच मिनिटं सगळे संच (एकाच माहितीवरचे प्रश्नगट) नुसते वाचायचे, पेन खाली. अलीकडे चार-पाच संच येतात, त्यांतले दोन-तीन नीट सुटले तरी चांगली मजल जाते. पण हाती लागेल तो पहिला संच धरून बसलं, तर १५ मिनिटं तिथेच जातात.

कॉलेजच्या बाजूने विद्यापीठाच्या परीक्षेची रचनाच कामी आली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या पॅटर्नमध्ये इनसेम (सत्राच्या मधली परीक्षा) ३० गुणांची, युनिट एक आणि दोनवर. एंडसेम (सत्राच्या शेवटची) ७० गुणांची, तीन ते सहावर. प्रत्येक युनिटला १७-१८ गुण. कॅट अलीकडे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते आणि त्याची एंडसेम त्यानंतर नऊ दिवसांनी सुरू होणार होती. नऊ दिवसांत चार युनिटं कोणाचीच होत नाहीत, दोन होतात. म्हणून प्रत्येक विषयाची तिसरी आणि चौथी युनिटं दिवाळीच्या आत, जुन्या प्रश्नपत्रिका लिहून, आणि पाचवी-सहावी कॅटनंतर. टर्म वर्कच्या (फाईल-असाइनमेंटच्या) सगळ्या सह्याही दिवाळीच्या आत. नोव्हेंबरात सही घ्यायला सरांच्या केबिनबाहेर अर्धा दिवस उभं राहणं कॅटच्या तयारीला परवडत नाही.

इनसेमच्या आठवड्यात कॅट पूर्ण बंद करायचा त्याचा विचार होता. आम्ही ४० मिनिटं ठेवली: एक उतारा, एक संच. आठ दिवस पूर्ण सुटलं की वाचनाचा वेग पुन्हा जागेवर यायला आणखी आठ दिवस जातात, आणि वाचन आणि संच हे दोनच भाग असे आहेत की जे एका बैठकीत भरून काढता येत नाहीत. क्वांटची सूत्रं आठ दिवस थांबू शकतात.

मध्येच वडिलांचा फोन आला. “मॅडम, एवढी ओढाताण करण्यापेक्षा नंतर वर्षभर घरी बसून करू दे की. आम्ही खर्च करायला तयार आहोत.” त्यांना सांगितलं, “ड्रॉपचा निर्णय आत्ता घेऊ नका, निकाल हातात आल्यावर घ्या. आत्ता घेतलात तर तो आजपासूनच हात सैल सोडेल आणि डिसेंबरची परीक्षाही ढिली जाईल.” ड्रॉप वाईटच असतो असं आम्ही म्हणत नाही. पण मुलाखतीत त्या वर्षाचा हिशोब विचारतात, आणि नोकरी करत पुन्हा कॅट देणाऱ्या मुलांकडे सांगायला निदान काम तरी असतं. म्हणून कॅम्पसच्या कंपन्याही त्याने सोडल्या नाहीत. त्यांच्या अॅप्टिट्यूड टेस्टमध्ये टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग हेच येतं, त्यामुळे तयारी वेगळी लागली नाही.

प्रवेशपत्र आलं, त्यात दुपारचं सत्र होतं, साडेबाराचं. शेवटच्या तीन मॉक त्याने साडेबारालाच दिल्या. जेवण कधी आणि किती, हेसुद्धा त्यातच ठरलं: अकराला दोन पोळ्या-भाजी, चहा नाही. पहिल्या वेळी नेहमीसारखं पोटभर जेवून बसला होता आणि तिसऱ्या उताऱ्याला डुलकी लागली होती.

कॅटमध्ये क्वांट आणि इंग्रजी ठरवल्यासारखे गेले, डीआयएलआरमध्ये दुसरा संच चुकीचा धरला गेला. निकालात त्याच भागाने खाली ओढलं आणि मोठ्या आयआयएमचा मुलाखतीचा कॉल आला नाही. हीट ट्रान्सफर सुटली. सातव्या सेमला एकही विषय राहिला नाही.

जानेवारीत तो पुन्हा आला, एमबीए सीईटीसाठी, म्हणजे एमबीएच्या राज्य पातळीवरच्या प्रवेश परीक्षेसाठी. जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुम्बा (पुणे विद्यापीठाचा एमबीए विभाग) इथले बहुतेक प्रवेश याच परीक्षेतून होतात. तिची चाल मात्र उलटी: १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद, आणि चुकीला गुण वजा नाहीत. चार महिने ‘सोडायला शिक’ म्हटलेल्या मुलाला आता एकही गोल कोरा ठेवायचा नव्हता. वही तीच होती. चौथा रकाना त्याने खोडून तिथे नवं लिहून आणलं होतं: “४५ सेकंदांनंतर खूण केली का?”